हाताने चालवलेले राक्षस

‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ (१९६३) या चित्रपटाच्या शेवटाकडे सात सांगाडे जमीन फोडून वर येतात, ढाली-तलवारी सावरतात आणि तीन माणसांवर चालून जातात. पडद्यावर हा प्रसंग काही मिनिटांत आटोपतो. तो तयार करायला रे हॅरीहाउसेन या एका माणसाला साडेचार महिने लागले. सांगाड्याचा बाहुला टेबलावर उभा करायचा, हात केसभर पुढे सरकवायचा, पाय केसभर उचलायचा, कॅमेऱ्याची एक फ्रेम टिपायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात. एखाद्या दिवशी दिवसभर राबूनही पडद्यावरचा एक सेकंद हाती येत नसे.

साठ वर्षं उलटली तरी हे सांगाडे लोक आवडीने पाहतात. का पाहतात, यावर एकमत नाही. एका बाजूचं म्हणणं असं की त्या राक्षसांत जीव होता आणि आजच्या संगणकी राक्षसांत तो नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हा सगळा बालपणीचा उमाळा आहे. ते राक्षस तेव्हाही झटके देत चालत होते, आजही देतात, फक्त तेव्हा आपण आठ वर्षांचे होतो. दोन्ही बाजूंनी हा वाद फार सैलपणे घातला जातो. कौतुक करणारे कष्टांचा आकडा सांगून मोकळे होतात, जणू कष्ट झाले म्हणजे कला झालीच. नाक मुरडणारे चित्रपट पुन्हा पाहण्याचे कष्ट घेत नाहीत.

या वादात गोसीखुर्दच्या, पवनीच्या, एकूणच पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या माणसाला एक सोय आहे. त्याच्या बालपणात हॅरीहाउसेन नव्हता. इंग्लंड-अमेरिकेतल्या साठीपुढच्या प्रेक्षकाला सिंदबादचा एकडोळ्या राक्षस आठवला की त्यासोबत थेटरातली दुपार आणि खिशातली चिल्लरही आठवते. आपल्याकडे तो गुंता नाही. आपला गुंता वेगळा आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, त्या काळात दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ लागत होतं. आकाशात दोन बाण सावकाश समोरासमोर येत, एकमेकांना भिडत, ठिणग्या उडत. २०२० च्या टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखवली गेली आणि घराघरांत पुन्हा पाहिली गेली. पण त्या बाणांवरची माया ही करामतीवरची नव्हे. ती श्रद्धेची आहे, रविवारची आहे, एका टीव्हीसमोर बसलेल्या अख्ख्या आळीची आहे. जुन्यावर आपला जीव आहे एवढ्यावरून जुनं चांगलं होतं हे सिद्ध होत नाही, याचा आपल्याच घरातला हा पुरावा. हॅरीहाउसेनला तरी ती सवलत का द्यावी?

तेव्हा आठवणींची सवलत न देता पाहू.

हॅरीहाउसेनचा जन्म १९२० चा, लॉस एंजेलिसचा. १९३३ साली ‘किंग काँग’ पाहून हा पोरगा झपाटला. काँग हालवणारा विलिस ओब्रायन हा पुढे त्याचा गुरू झाला आणि ‘मायटी जो यंग’साठी (१९४९) दोघांनी एकत्र काम केलं. त्याच्या बाहुल्यांच्या आत धातूचा सांगाडा असे, सांध्यांना गोळी-वाटीचे जोड, वरून रबरी कातडी. हे धातूचे सांगाडे बरीच वर्षं त्याचे वडील फ्रेड यांनी स्वतःच्या यंत्रावर कातून दिले. सुरुवातीच्या परीकथांच्या छोट्या फिल्मांमधल्या बाहुल्यांचे कपडे आईने शिवले. हॉलिवूड म्हटलं की डोळ्यांसमोर जो पसारा येतो त्याच्यात हे चित्र बसत नाही. सुतार-लोहाराच्या घरात मात्र सहज बसतं.

या पद्धतीत हालचाल जराशी तुटक दिसते, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. माणूस कॅमेऱ्यासमोर हात हलवतो तेव्हा एका फ्रेमच्या अवधीतही हात थोडा सरकलेला असतो, म्हणून चित्रात तो पुसट उमटतो. डोळ्याला तो पुसटपणाच सलग गती वाटतो. बाहुला प्रत्येक फ्रेममध्ये ठार स्थिर असतो. त्याचा प्रत्येक केस, प्रत्येक खवला स्वच्छ उमटतो आणि अशी स्वच्छ चित्रं एकापाठोपाठ एक आली की गती किंचित ठेचकाळते. नाक मुरडणारे ज्याला दोष म्हणतात तो हाच. पण सांगाडा, पुतळा, नाग, यंत्र अशा गोष्टी, ज्या मुळात हलू नयेत, त्या हलताना असंच दिसावं असं मनाला कुठेतरी वाटतं. जिवंत घोडा असा चालला तर तो बिघडलेला दिसेल. कांस्याचा पुतळा असा चालला तर अंगावर काटा येतो. म्हणून या तंत्राचं मोल सरसकट ठरवता येत नाही. कोणता राक्षस, यावर ते ठरतं.

‘जेसन’मधला तालोस हा कांस्याचा महाकाय पुतळा याचं उत्तम उदाहरण. एरवी हालचाल गुळगुळीत व्हावी म्हणून धडपडणाऱ्या हॅरीहाउसेनने तालोसला मुद्दाम जड आणि करकरता ठेवला. माणसं त्याच्या चौथऱ्यातला खजिना लुटून निघतात, पुतळा सावकाश मान वळवतो, आणि त्या एका मान वळवण्यात सगळी भीती आहे. पुढे जेसन त्याच्या टाचेचं झाकण उघडतो, आतला द्रव वाहून जातो, आणि तालोस स्वतःचा गळा धरून गुदमरतो. त्याला चेहऱ्याचे हावभाव नाहीत. तरी त्याची कीव येते. १९५७ च्या ‘ट्वेंटी मिलियन माइल्स टू अर्थ’मध्ये शुक्रावरून आलेला प्राणी रोमच्या कलोसियमवरून कोसळतो तेव्हाही तेच. राक्षस मरताना वाईट वाटावं, हे या चित्रपटांनी वारंवार साधलं आणि आजच्या कोट्यवधी खर्चाच्या चित्रपटांना ते क्वचित साधतं. तिथे राक्षस झुंडीने येतात, झुंडीने मरतात. इथे एकाच माणसाच्या बोटांनी एका राक्षसाची प्रत्येक हालचाल ठरवलेली असते. त्यामुळे त्याला स्वभाव येतो. कौतुक करणाऱ्यांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हा आहे, आणि तो आठवणींवर उभा नाही.

आता हे सगळं साहेबाच्या देशातलं, आपला त्याच्याशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांसाठी त्र्यंबकेश्वरला जाऊन यावं लागेल. तिथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छायाचित्रकार होते, छपाईवाले होते आणि जादूगारही होते. ‘फाळके’ उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून ठरावीक वेळाने त्याची एकेक फ्रेम टिपली आणि दाण्याचं रोप पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उगवून दाखवलं. त्या ‘अंकुराच्या वाढी’ने पैसा लावणाऱ्याचा विश्वास मिळवला. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. आगपेटीतल्या काड्या आपोआप हलतात, एवढाच तिचा विषय. एक काडी सरकव, फ्रेम टिप, पुन्हा सरकव. हॅरीहाउसेन तेव्हा जन्मायचा होता. ती फिल्म आज उरलेली नाही, त्यामुळे ती किती सफाईदार होती यावर छातीठोक बोलणं खोटं ठरेल. पण हे तंत्र मराठी माणसाला परकं नव्हतं, एवढं म्हणायला ती पुरते.

फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) बऱ्याच अंशी उरला आहे. कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीलाच ती नुसते चेहऱ्याचे भाव बदलून दाखवते, म्हणजे प्रेक्षकाने आधीच ओळखावं की ही एक मुलगी आहे आणि आता ती देव होणार आहे. मग डोहातली नागाशी झुंज. यातला नाग फ्रेमागणिक हलवलेला नाही, तो बनवलेला मोठा बाहुला आहे, आणि हा फरक झाकून फाळक्यांना हॅरीहाउसेनचे पूर्वज म्हणून मिरवणं बरं नव्हे. पण प्रेक्षकाशी केलेला करार तोच आहे. मी बनवलंय हे तुला दिसतंय, तरी तू घाबर. आपल्या भागात हा करार फार जुना आहे. धरणापासून जवळच असलेल्या पवनीला १९६९-७० च्या उत्खननात जो बौद्ध स्तूप सापडला, त्याच्या एका दगडावर मुचलिंद नाग कोरलेला आहे आणि खाली ब्राह्मीत त्याचं नावही आहे. कोरणाऱ्याला वाटलं असावं की नाग ओळखू यायला हवा, खरा वाटायची गरज नाही.

आणि मारबत तर दरवर्षीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासून सांगतात, पिवळीची १८८५ पासून. आपल्या गावांतूनही लहान-मोठ्या मारबती रोगराई, इडापिडा अंगावर घेऊन वेशीबाहेर जातात. बांबू, कागद, कापड, रंग. गल्लीतल्याच पोरांनी ती केलेली असते हे सगळ्यांना ठाऊक, तरी लहान लेकरू ती पाहून आईच्या पदरामागे जातं. हाताने केलेल्या राक्षसाची भीती कशी वाटते हे समजून घ्यायला आपल्याला ग्रीसला जावं लागत नाही.

इथपर्यंत पारडं एकीकडे झुकलं. आता दुसरं.

पहिली तक्रार पाण्याची, आणि ती करायला गोसीखुर्दच्या माणसाइतका अधिकारी दुसरा नाही. लहान बाहुला मोठा भासवता येतो, लहान डोंगर मोठा भासवता येतो, पाणी मात्र लहानाचं मोठं होत नाही. थेंबाचा आकार बदलत नाही, लाट फुटायला लागणारा वेळ बदलत नाही. वैनगंगेला पूर आला की धरणाची ३३ दारं उघडतात. ते लांबून पाहिलेल्याला माहीत आहे की प्रचंड पाणी सावकाश कोसळताना दिसतं. ‘जेसन’मध्ये आपटणाऱ्या कड्यांमधून जहाज नेण्यासाठी समुद्रदेव ट्रायटन वर येतो. तो बाहुला नाही, माशाचं शेपूट लावलेला खरा नट आहे, हौदात उतरवून हालचाल संथ दिसेल असा चित्रित केलेला. तरीही त्याच्या खांद्यावरून ओघळणारे थेंब नारळाएवढे वाटतात आणि भ्रम तिथेच फुटतो. या बाबतीत संगणक निर्विवाद पुढे गेला आहे. जुन्यांच्या प्रेमापोटी हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरी तक्रार माणसांची. या चित्रपटांतले राक्षस अभिनय करतात, माणसं करत नाहीत. नायक उभा राहतो, नायिका दचकते, खलनायक भुवई उचलतो, आणि आपण पुढचा राक्षस कधी येतो याची वाट पाहत बसतो. ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ (१९५८) मध्ये बर्नार्ड हरमन यांचं संगीत मधल्या जागा सावरून धरतं. नाहीतर एकडोळ्या राक्षस आणि सांगाड्याची झुंज यांच्या दरम्यान जांभया आवरणं अवघड आहे. ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’मध्ये (१९८१) मशालींच्या हलत्या उजेडात सरपटणारी मेडुसा ही हॅरीहाउसेनची बहुधा सर्वोत्तम निर्मिती, पण तिच्यापर्यंत पोहोचायला बरंच काही सोसावं लागतं. चित्रपट म्हणून तोलले तर यातले बहुतेक मध्यम आहेत. त्यांतले काही प्रसंग असामान्य आहेत. ‘अभिजात’ हा शिक्का प्रसंगांना द्यावा, अख्ख्या चित्रपटांना देताना हात आखडता घ्यावा.

तिसरी तक्रार या दोन्हींपेक्षा गंभीर, आणि ती थेट आपल्या देव्हाऱ्याशी येऊन ठेपते. ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ (१९७३) मध्ये एका बेटावरचे हिरव्या अंगाचे रानटी लोक कालीची मूर्ती पूजतात. दुष्ट जादूगार ती मूर्ती जिवंत करतो, तिला नाचवतो, मग तिच्या सहा हातांत सहा तलवारी येतात आणि ती सिंदबादशी लढते. लढाई थक्क करणारी आहे. सहा हात, प्रत्येकाची स्वतंत्र लय, आणि समोर हवेत तलवार मारणारे खरे नट. त्या नाचासाठी हॅरीहाउसेनने लंडनमधल्या भारतीय नृत्यांगना सूर्यकुमारी यांची मदत घेतली होती, म्हणजे निव्वळ बेफिकिरी नव्हती. तरीही देवीला जादूगाराचं खेळणं करायचं, तिच्या भक्तांना रानटी ठरवायचं आणि शेवटी मूर्ती फोडून आतला सोन्याचा तुकडा काढून घ्यायचा, हे डोळ्यांआड करता येत नाही. अरबस्तान, भारत, काल्पनिक बेट, सगळं एकाच पोतडीत घालणारी ही नजर त्या काळच्या पाश्चात्त्य साहसपटांची आहे. राग येणाऱ्याला ‘अहो, नुसता सिनेमा आहे’ म्हणून गप्प करू नये. त्याच वेळी, बहुभुजा देवी हात हलवू लागली तर ती कशी हलेल या प्रश्नाचं पडद्यावरचं इतकं विचारपूर्वक उत्तर आपल्या पौराणिक चित्रपटांतही सहसा दिसत नाही, हेही कबूल करावं लागतं. आमच्या मते हा प्रसंग दाखवावा, पण कोवळ्या वयाच्या मुलांना नको, आणि मोठ्यांना दाखवायचा तर नंतर अर्धा तास बोलायला राखून ठेवावा.

संगणकाबद्दलचा राग मात्र बराचसा अन्यायाचा आहे. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) साठी आधी बाहुले हलवायचं ठरलं होतं. फिल टिपेट हा त्या कलेतला नावाजलेला कारागीर त्यावर होता. संगणकाने केलेला डायनासोर पाहिल्यावर बाहुल्यांचा बेत बदलला. पण टिपेटला घरी बसवलं नाही. त्याच्या माणसांसाठी सांध्यांना संवेदक लावलेला डायनासोरचा सांगाडा तयार केला गेला. तो हाताने हलवला की संगणकातला प्राणी हले. हात गेला नव्हता, त्याचं अवजार बदललं. आज मुंबई-पुण्यात परदेशी चित्रपटांच्या फ्रेमागणिक कडा कोरत बसलेली मराठी पोरं-पोरीही हॅरीहाउसेनइतकीच मान मोडून काम करतात. फरक इतकाच की त्यांचं नाव पाटीवर शेकडोंच्या रांगेत धावतं आणि राक्षस कोणा एकाचा राहत नाही. संगणकी राक्षस निर्जीव वाटतो तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. एकच प्राणी वीस जणांत वाटला जातो, घाईने दिला जातो, आणि त्याच्या स्वभावाची चिंता करायला कोणी उरत नाही.

एकट्याने महिनोन्‌महिने बंद खोलीत राबण्याचे गोडवेही जपून गावेत. बाहुले हलवण्याची कला जिवंत आहे, पण पोट भरणारी किती आहे? ‘तारे जमीन पर’ची (२००७) मातीतली नामावली धीमंत व्यास यांची, ती पाहिलेले लाखो लोक आहेत, ते काम कसं झालं हे विचारणारे थोडे. मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरसच्या ‘टोकरी’ या बाहुलीपटाला २०१७ सालचा अॅनिमेशनचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला, तरी असे लघुपट आपल्या गावापर्यंत पोहोचत नाहीत. नागपूरला अॅनिमेशन शिकायला गेलेल्या पवनीच्या मुलाला त्याच्या घरच्यांनी ‘संगणकच शिक’ म्हटलं तर त्यांचं चुकलं असं म्हणण्याचा धीर आमच्यात नाही.

मग गोसीखुर्दसारख्या ठिकाणी याचं करायचं काय? आमचं मत असं की धंदा म्हणून नव्हे, पण मुलांच्या हाताला लागावी म्हणून ही कला इथे आणावी, आणि त्यासाठी तान्हा पोळा हा तयार मुहूर्त आहे. लाकडी नंदीला चाकं लावून, सजवून दारोदार ओढत नेणाऱ्या आणि बोजारा गोळा करणाऱ्या पोराला निर्जीव वस्तूत जीव घालणं शिकवावं लागत नाही. घरातल्या फोनवर फ्रेमागणिक चित्र टिपण्याची सोय फुकट मिळते. नंदी केसभर सरकव, टिप, पुन्हा सरकव. बारा चित्रांत नंदी आपोआप चालू लागेल. वैनगंगेच्या काठची माती बाहुल्यांना पुरेशी आहे. अशा दोन तासांच्या खटपटीनंतर ‘जेसन’मधले सांगाडे पाहिले तर मुलाला ते वेगळे दिसतील. त्याला झटके दिसतील आणि त्या झटक्यांमागची साडेचार महिन्यांची चिकाटीही दिसेल, आणि तरी ते आवडले नाहीत तर तो त्याचा हक्क आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. धरणामुळे पुनर्वसित झालेल्या गावांत अजून नागरी सुविधांची रड संपलेली नाही, त्यात हे नखरे कशाला? आक्षेप खरा आहे, पण तो नाटकाला कधी लावला गेला नाही. भाऊबीज ते होळी झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं चालतात, शंकरपट असो की मंडई, दंडार आणि खडी गंमत होतेच. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. पोटाची सोय झाल्यावर मग करमणूक, असा क्रम इथल्या माणसाने कधी पाळला नाही, आणि रंगवलेल्या पडद्यासमोर नाटक पाहताना डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाला हलत्या बाहुल्याची टर उडवायचं काही कारणही नाही.

दाखवायचंच झालं तर फोनवर दाखवू नये. तालोसचं वजन सहा इंचांत मावत नाही. समाजमंदिराची पांढरी भिंत, शाळेचा प्रोजेक्टर आणि अंधार एवढं पुरे. आधी ‘कालिया मर्दन’मधली डोहाची झुंज, मग ‘जेसन’ तालोसपासून पुढे. ट्रायटनच्या वेळी पोरांना विचारावं, पाणी खरं वाटतं का. त्यांच्या उत्तराची आम्हाला खात्री आहे. ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’मधली एक-दोन दृश्यं शाळेत चालण्यासारखी नाहीत, ती आधीच काढावीत, आणि त्याचा पहिला तास सबंध गाळला तरी कोणाचं काही बिघडत नाही. मेडुसा मात्र पूर्ण दाखवावी.